जावक ई-मेल अकस्मात बंद पडण्यामागील कारणपरंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
ई-मेलची आवक सुरळीत चालू असताना जावक मात्र एकाएकी बंद पडते, हा अनुभव कार्यालये, महाविद्यालये आणि घरगुती वापरकर्ते यांना वारंवार येतो. या बिघाडाकडे सामान्यतः संगणकातील तात्कालिक दोष म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार १९८२ पासून चालत आलेल्या एका ऐतिहासिक प्रक्रियेचा परिणाम म्हणून केला आहे. ई-मेल घेताना वापरकर्त्याची ओळख आरंभापासून तपासली जात होती. पाठवताना ती तपासली जात नव्हती. पाठवणीच्या बाजूने असलेला हा मुक्त विश्वास गैरवापरामुळे टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला आणि त्यातील प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या वापरकर्त्यास 'अकस्मात बिघाड' म्हणून जाणवला, असे येथे प्रतिपादन केले आहे. हा इतिहास ज्ञात असल्यास बिघाडाचे निदान सुकर होते, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : ई-मेल, जावक सर्व्हर, एसएमटीपी, रिले, पोर्ट २५, स्पॅम, प्रेषकाची ओळख.

प्रस्तावना :
आपल्याकडील कार्यालयीन व्यवहारात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. पुष्कळदा त्या एकाच टेबलावर आणि एकाच लिपिकाच्या हाती असतात. त्यामुळे आवक चालू आहे आणि जावक बंद आहे, अशी स्थिती सहसा उद्भवत नाही. ई-मेलच्या बाबतीत मात्र हीच स्थिती सर्वाधिक आढळते. काल सायंकाळपर्यंत जाणारी पत्रे आज सकाळी 'आउटबॉक्स'मध्ये अडकून राहतात, पडद्यावर 'संदेश पाठवता आला नाही' अशा अर्थाची ओळ उमटते आणि त्याच वेळी बाहेरून येणारी पत्रे विनाअडथळा येत राहतात. वापरकर्त्याने कोणताही बदल केलेला नसतो. म्हणूनच त्यास हा प्रकार अनाकलनीय वाटतो.

या प्रश्नाचे महत्त्व गैरसोयीपुरते मर्यादित नाही. निविदा, नोकरीचे अर्ज, विद्यापीठाकडे पाठवावयाची माहिती, कायदेशीर सूचना अशी मुदतबद्ध कामे आज ई-मेलवर अवलंबून आहेत. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम १३ नुसार, उभयपक्षी अन्य काही ठरलेले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात प्रवेश करतो तेव्हा त्याचे प्रेषण झाले असे मानले जाते. याचा सरळ अर्थ असा की, 'पाठवा' ही कळ दाबणे म्हणजे प्रेषण नव्हे. आपल्याच संगणकाच्या आउटबॉक्समध्ये पडून असलेले पत्र प्रेषकाच्या नियंत्रणातून बाहेर गेलेलेच नसते. अंतिम तारखेच्या दिवशी हा भेद निर्णायक ठरू शकतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) ई-मेलच्या आवक व जावक यंत्रणांमधील मूलभूत विषमता स्पष्ट करणे.
२) जावक यंत्रणेवर आलेल्या बंधनांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३) या बंधनांच्या आधारे बिघाडाच्या निदानाची पद्धत मांडणे.
४) या बदलांपासून झालेला लाभ व हानी यांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. इंटरनेटचे संकेतनियम १९६९ पासून 'आरएफसी' या क्रमांकित दस्तऐवजमालेत प्रसिद्ध होत आले आहेत. ही माला या विषयाचे प्रमुख साधन होय. तिच्या जोडीला न्यायालयीन निर्णय व सेवादात्या कंपन्यांनी जाहीर केलेली धोरणे विचारात घेतली आहेत.

१. आवक व जावक यांतील विषमता :
अमेरिकेतील केंब्रिज येथील बीबीएन या संस्थेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली आणि नाव व संगणक यांच्यामध्ये '@' हे चिन्ह योजिले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात 'सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल' अर्थात एसएमटीपी हा संकेतनियम निश्चित केला. आज जगभर चालणारी पत्रपाठवणी मूलतः याच नियमावर आधारलेली आहे.

या नियमातील संभाषण अत्यंत साधे आहे. पाठवणारा संगणक स्वतःचे नाव सांगतो, नंतर प्रेषकाचा पत्ता सांगतो, नंतर प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो आणि शेवटी मजकूर देतो. घेणारा संगणक प्रत्येक वाक्यास तीन अंकी उत्तर देतो. मात्र 'तुम्ही म्हणता ते तुम्हीच कशावरून?' असा प्रश्न या संभाषणात कोठेही नव्हता. पासवर्डची तरतूदही नव्हती.

पत्र घेण्याची यंत्रणा स्वतंत्रपणे विकसित झाली. ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१८ द्वारे 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' म्हणजे पॉप हा नियम आला. १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि ती दीर्घकाळ प्रचलित राहिली. येथे मात्र वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड यांची मागणी प्रथमपासून होती. कारण स्पष्ट आहे : दुसऱ्याचे पत्र कोणी वाचू नये याची काळजी घेणे आवश्यक होते.

ही रचना आपल्या परिचयाच्या टपालव्यवस्थेसारखीच होती. रस्त्यावरील लाल टपालपेटीत कोणीही पत्र टाकू शकतो; टाकणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. टपाल कार्यालयातील भाड्याच्या पेटीतून पत्र काढण्यास मात्र किल्ली लागते. ई-मेलमध्येही आवक कुलूपबंद आणि जावक खुली होती. आवक चालू असताना जावक बंद पडण्याचे मूळ येथेच आहे. दोन्ही यंत्रणांचे संकेतनियम वेगळे, पोर्ट वेगळे आणि पुष्कळदा सर्व्हरही वेगळे. त्यामुळे एकीवर आलेले बंधन दुसरीला स्पर्श करीत नाही.

२. खुल्या रिलेचा कालखंड :
एखाद्या सर्व्हरने आपला संबंध नसलेल्या प्रेषकाचे पत्र आपला संबंध नसलेल्या प्राप्तकर्त्याकडे पुढे पाठविणे, यास 'रिले' म्हणतात. १९८० च्या दशकात हे सौजन्याचे व गरजेचे काम मानले जात होते. अनेक संस्थांची जोडणी अखंड नसे. दूरध्वनीवरून ठरावीक वेळी संपर्क साधून पत्रांचा गठ्ठा एका संगणकाकडून दुसऱ्याकडे सोपविला जाई. यूयूसीपी या पद्धतीत तर पत्र कोणकोणत्या संगणकांतून जावे हे प्रेषकालाच उद्गारचिन्हांनी जोडून लिहावे लागे. अशा जगात वाटेतील प्रत्येक संगणक अनोळखी पत्र पुढे नेण्यास तयार असणे ही व्यवस्थेची पूर्वअट होती.

भारतातील ई-मेलचा आरंभ याच सौजन्यावर झाला. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे त्याचे आठ सहभागी घटक होते. देशाबाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी जुहू येथील या केंद्राने प्रवेशद्वाराचे काम केले. इतर संस्थांतील प्राध्यापकांची पत्रे मुंबईमार्गे परदेशी जात. अनोळखी पत्र पुढे नेणाऱ्या मध्यस्थाविना हे शक्य झाले नसते.

पोस्टेल यांना या रचनेतील धोका ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. एसएमटीपीच्या सात वर्षे आधी, नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनीच आरएफसी ७०६ हे छोटेसे टिपण लिहिले होते आणि त्याचा विषयच नकोशा टपालाचा प्रश्न हा होता. घेणाऱ्या संगणकास विशिष्ट प्रेषकाची पत्रे निवडून नाकारण्याचा मार्ग नाही, ही उणीव त्यात नोंदविली होती. तथापि त्या काळी जाळ्यातील संगणक मोजके व त्यांचे चालक परस्परपरिचित होते. चुकीचे वर्तन करणाऱ्यास दूरध्वनी करून समज देणे शक्य होते. त्यामुळे ओळख तपासण्याची निकड भासली नाही.

३. विश्वासाचा गैरवापर :
३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० वापरकर्त्यांना पाठविली. हे पहिले सामूहिक जाहिरातपत्र मानले जाते. तीव्र नापसंती व्यक्त झाली आणि प्रकरण तेथेच मिटले. १९९० च्या दशकाच्या मध्यास परिस्थिती बदलली. एप्रिल १९९५ मध्ये एनएसएफनेट हा शासकीय कणा बंद होऊन अमेरिकेतील इंटरनेट व्यापारास पूर्णतः खुले झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. परिचितांचे जाळे आता अपरिचितांचे झाले.

जाहिरातदारांना खुला रिले हा अनायासे लाभलेला मार्ग ठरला. एका पत्राची प्रत आणि हजारो प्राप्तकर्त्यांची यादी दूरच्या एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरला दिली की वितरणाचा सारा भार त्या सर्व्हरवर पडे. जुन्या पिढीतील वाचकांना 'नॉटपेड' पत्र आठवत असेल. तिकीट न लावलेल्या अशा पत्राचा आकार प्राप्तकर्त्याकडून वसूल केला जाई. स्पॅम हे याच जातीचे पत्र होय; त्याचा खर्च प्राप्तकर्ता आणि वाटेतील सर्व्हर उचलतात. फरक इतकाच की, नॉटपेड पत्र पोस्टमनच्या हाती परत करता येत असे, येथे तो पर्याय नव्हता.

खर्च कोणी सोसावा हा वाद न्यायालयातही गेला. १९९७ मध्ये ओहायोतील संघीय न्यायालयाने कॉम्प्युसर्व्ह विरुद्ध सायबर प्रमोशन्स या खटल्यात, मनाई केल्यानंतरही कंपनीच्या सर्व्हरवर जाहिरातपत्रांचा मारा करणे हे मालमत्तेवरील अतिक्रमण ठरू शकते, अशी भूमिका घेतली. सर्व्हर ही मालकाची मालमत्ता आहे आणि तो पत्र नाकारू शकतो, हे तत्त्व यातून दृढ झाले. पुढील सर्व बंधनांचा पाया हाच आहे.

४. बंधनांचे चार टप्पे :

अ) रिले नाकारणे (१९९७-१९९९) :
१९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने गैरवापर होणाऱ्या संगणकांच्या पत्त्यांची सार्वजनिक काळी यादी अस्तित्वात आली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था स्थापन केली. यादीत नाव असलेल्या सर्व्हरची पत्रे जगातील असंख्य सर्व्हर नाकारू लागले. त्याच वर्षी 'सेंडमेल' या सर्वाधिक प्रचलित सर्व्हर-प्रणालीच्या ८.९ या आवृत्तीत रिले मुळातच बंद ठेवण्यात आला. ज्या सर्व्हरवर ही आवृत्ती बसविली, तेथे बाहेरच्या जाळ्यातून पत्र पाठविणाऱ्यास '५५० रिलेइंग डिनाइड' असे उत्तर मिळू लागले.

याचा फटका प्रामाणिक वापरकर्त्यासही बसला. सर्व्हर आपला माणूस कोण हे त्याच्या जोडणीवरून ओळखू लागला. संस्थेच्या आवारातून पत्र जाई. घरच्या दूरध्वनी-जोडणीवरून तेच पत्र त्याच सर्व्हरमार्गे जात नसे. भारतात नोव्हेंबर १९९८ पासून खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाल्यावर जोडणी बदलणे सोपे झाले. परंतु जुन्या सेवादात्याचा जावक सर्व्हर संगणकात तसाच ठेवून नवी जोडणी घेतली की, आवक चालू राही आणि जावक बंद पडे. यावर काढलेला एक तात्पुरता उपाय असा की, वापरकर्त्याने आधी पासवर्ड देऊन आवक तपासावी. त्यानंतर काही मिनिटे सर्व्हर त्या जोडणीवरून जावक स्वीकारी. 'आधी पत्रे घ्या, मग पाठवा' असा सल्ला त्या काळी दिला जाई, त्याचे हे कारण होय.

कायमचा उपाय संकेतनियमांतून आला. डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७६ ने वापरकर्त्याकडून पत्र स्वीकारण्यासाठी ५८७ हे स्वतंत्र पोर्ट ठरविले आणि मार्च १९९९ च्या आरएफसी २५५४ ने जावक यंत्रणेत प्रथमच ओळख-पडताळणीची तरतूद केली. 'माझ्या जावक सर्व्हरला पडताळणी आवश्यक आहे' ही ई-मेल प्रोग्रॅममधील चौकट या बदलाची खूण आहे. ती रिकामी राहिल्यास आजही आवक चालते आणि जावक अडते.

या टप्प्यास तात्त्विक विरोधही झाला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांनी आपला सर्व्हर हेतुपूर्वक खुला ठेवला होता. स्पॅमच्या भीतीपोटी निर्दोष पत्रव्यवहारावर नियंत्रण येऊ नये, ही त्यांची भूमिका होती. २००१ मध्ये त्यांच्या सेवादात्या कंपनीने याच कारणासाठी त्यांच्या जोडणीवर निर्बंध आणला.

आ) पोर्ट २५ ची नाकेबंदी :
रिले बंद झाल्यावर स्पॅम पाठविणाऱ्यांनी घरगुती संगणकांकडे मोर्चा वळविला. ऑगस्ट २००३ मधील सोबिग-एफ आणि जानेवारी २००४ मधील मायडूम या विषाणूंमध्ये स्वतःची पत्रपाठवणी-यंत्रणा होती. बाधित संगणक मालकाच्या नकळत थेट पोर्ट २५ वरून जगभर पत्रे पाठवी. यावर सेवादात्यांनी आपल्या ग्राहकांच्या जोडणीवरून बाहेर जाणारे पोर्ट २५ अडविण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील कॉमकास्टने २००४ मध्ये ही कारवाई निवडक स्वरूपात सुरू केली. ब्राझीलमध्ये २०१२-१३ च्या सुमारास ती राष्ट्रव्यापी स्तरावर राबविण्यात आली.

येथे बिघाडाचे लक्षण वेगळे आहे. सर्व्हर नकार देत नाही, कारण मागणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वाट पाहून वेळ संपते आणि 'जोडणी होऊ शकली नाही' असा संदेश येतो. ज्यांनी १९९८ पासून उपलब्ध असलेले ५८७ हे पोर्ट वापरले होते, त्यांना या कारवाईची झळ पोचली नाही. ज्यांच्या संगणकात २५ हाच आकडा राहून गेला होता, त्यांची जावक एका दिवसात थांबली.

इ) डोमेनच्या ओळखीची सक्ती :
तिसऱ्या टप्प्यात प्रश्न असा होता की, पत्रावर लिहिलेला प्रेषकाचा पत्ता खरा कशावरून? एखाद्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची जाहीर नोंद करणारी एसपीएफ ही पद्धत एप्रिल २००६ मध्ये आरएफसी ४४०८ द्वारे नोंदली गेली. पत्रावर डोमेनची गणिती स्वाक्षरी करणारी डीकेआयएम ही पद्धत मे २००७ मध्ये आरएफसी ४८७१ द्वारे आली. दोहोंचा आधार घेऊन, पडताळणीत न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे हे डोमेनच्या मालकाने सांगावयाची डीमार्क ही पद्धत २०१२ मध्ये मांडली गेली व मार्च २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ मध्ये प्रसिद्ध झाली.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी 'पडताळणीत न उतरणारे पत्र नाकारावे' असे धोरण जाहीर केले. पत्रसमूहाच्या सर्व्हरमार्गे फेरवाटप होणारे पत्र याहूच्या नावे, परंतु याहूबाहेरील सर्व्हरवरून जात असल्याने ते पडताळणीत अपात्र ठरले. परिणामी जगभरातील पत्रसमूहांमध्ये याहूच्या सदस्यांची पत्रे परत येऊ लागली. सदस्यांनी किंवा समूहचालकांनी कोणताही बदल केला नव्हता. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांवर या तिन्ही पद्धतींची सक्ती केली. गूगलच्या बाबतीत ही मर्यादा जीमेल खात्यांकडे दिवसाला ५,००० पत्रे अशी ठेवण्यात आली. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या आउटलुक सेवेसाठी तत्सम नियम लागू केले.

ई) पासवर्ड व जुने कूटबद्धीकरण यांची अपात्रता :
चौथ्या टप्प्यात साधा पासवर्डही अपुरा ठरला. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव व पासवर्डावर चालणाऱ्या बाहेरील प्रोग्रॅमना प्रवेश नाकारला. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी हेच पाऊल १६ सप्टेंबर २०२४ रोजी उचलले. अशा वेळी वस्तुतः आवकही थांबते. परंतु कार्यालयातील स्कॅनर, वेतनपत्रके पाठविणारी प्रणाली, पावत्या पाठविणारा हिशेबाचा प्रोग्रॅम ही साधने केवळ जावक करतात. त्यामुळे तेथे हा बदल जावक बंद पडण्याच्याच रूपाने दिसला.

याच्याच जोडीने मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ ने टीएलएस १.० व १.१ या जुन्या कूटबद्धीकरण-पद्धती कालबाह्य ठरविल्या. विंडोज एक्सपीवरील आउटलुक एक्स्प्रेससारख्या जुन्या प्रोग्रॅमला नवी पद्धत अवगत नसल्याने सर्व्हरशी त्याचे संभाषण आरंभीच तुटते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हाही अद्ययावत न केलेल्या कित्येक संगणकांवर अशीच अडचण उद्भवली.

५. निदानाची पद्धत :
वरील चार टप्पे हे जावक यंत्रणेचे चार स्तर होत. बिघाड कोणत्या स्तरावर आहे हे ठरविणे म्हणजे निदान. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१) पत्र सर्वांनाच जात नाही की एकाच प्राप्तकर्त्यास? एकाच ठिकाणी अडत असल्यास दोष बहुधा त्या पत्त्यात, प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरमध्ये किंवा डोमेनच्या ओळखीत असतो. सर्वत्र अडत असल्यास आपल्या जावक सर्व्हरपर्यंतची वाट तपासावी.

२) त्याच खात्यावरून ब्राउझरमधून पत्र जाते काय? जात असल्यास खाते सुस्थितीत आहे. दोष प्रोग्रॅममधील पोर्ट, पडताळणी वा कूटबद्धीकरण यांच्या नोंदीत आहे. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी सुरू केलेल्या हॉटमेलसारख्या सेवांमध्ये पत्र वाचणे आणि लिहिणे एकाच प्रवेशाने होते. म्हणून तेथे आवक-जावक विषमता वापरकर्त्यास जाणवत नाही.

३) दुसऱ्या जोडणीवरून, उदाहरणार्थ मोबाइलच्या इंटरनेटवरून, पत्र जाते काय? जात असल्यास मूळ जोडणीवर पोर्टची नाकेबंदी आहे किंवा तिचा पत्ता काळ्या यादीत आहे.

४) सर्व्हरचे तीन अंकी उत्तर वाचावे. १९८२ च्या दस्तऐवजातच ठरल्याप्रमाणे ४ ने सुरू होणारे उत्तर तात्पुरत्या अडचणीचे आणि ५ ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे असते. पहिल्या प्रकारात सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने हे प्रयत्न किमान ४ ते ५ दिवस चालावेत असे सुचविले होते. ५३० म्हणजे पडताळणी दिलेली नाही, ५३५ म्हणजे दिलेली पडताळणी मान्य नाही आणि ५५२ म्हणजे आकार मर्यादेबाहेर आहे. ५५० या उत्तराचे अनेक अर्थ संभवतात, म्हणून त्यापुढील मजकूर अवश्य वाचावा.

५) आकाराचा विचार करावा. जोडपत्र पाठविताना ते अक्षररूपात बदलले जाते व त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने फुगते. २० मेगाबाइटची फाइल प्रत्यक्षात सुमारे २७ मेगाबाइट होते आणि २५ मेगाबाइटची मर्यादा ओलांडते.

६) संगणकावरील दिनांक व वेळ पाहावी. जुन्या संगणकातील बॅटरी संपून घड्याळ मागे गेले असल्यास सर्व्हरचे प्रमाणपत्र अवैध वाटते आणि जोडणी तुटते.

७) पासवर्ड अलीकडे बदलला असल्यास जावकच्या नोंदीत तो स्वतंत्रपणे बदलावा लागतो काय, हे पाहावे. आपल्या खात्यावरून आपण न पाठविलेली पत्रे गेली असल्यास सेवादात्याने जावक रोखलेली असू शकते. अशा वेळी प्रथम पासवर्ड बदलणे हाच मार्ग होय.

६. मूल्यमापन :
ही बंधने आवश्यक होती काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. ती नसती तर स्पॅमच्या भाराखाली ई-मेल निरुपयोगी झाले असते. तथापि दोन बाबींची नोंद घेणे अगत्याचे आहे.

पहिली बाब सूचनेची. ५८७ हे पोर्ट १९९८ मध्ये ठरले आणि त्याची खरी निकड २००४ च्या सुमारास भासू लागली. एसपीएफ २००६ मध्ये नोंदली गेली आणि सक्ती २०२४ मध्ये झाली. म्हणजे सहा ते अठरा वर्षांचा अवधी उपलब्ध होता. तरीही बदल अकस्मात वाटला, कारण संकेतनियमांची चर्चा तज्ज्ञांपुरती मर्यादित राहिली आणि सर्व्हरने दिलेले सकारण उत्तर ई-मेल प्रोग्रॅमने वापरकर्त्यापासून झाकून ठेवले. '५३५' या आकड्यात जे निदान असते, ते 'पाठवता आले नाही' या ओळीत उरत नाही.

दुसरी बाब सत्ताकेंद्राची. १९८२ च्या रचनेत कोणतेही महाविद्यालय स्वतःचा सर्व्हर चालवून जगाशी समान पातळीवर पत्रव्यवहार करू शकत होते. नियमानुसार आजही ते शक्य आहे. व्यवहारात मात्र एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, पत्त्याची उलट नोंद आणि पाठवणाऱ्या पत्त्याचा पूर्वलौकिक हे सारे सांभाळणे लहान संस्थेच्या आवाक्याबाहेर जाते. त्या मोठ्या कंपन्यांच्या सेवांकडे वळतात आणि कोणाचे पत्र स्वीकारावे हे ठरविण्याचा अधिकार मोजक्या हातांत एकवटतो. गिलमोर यांचा उपाय व्यवहार्य नव्हता. त्यांची चिंता मात्र अनाठायी नव्हती.

निष्कर्ष :
१) आवक चालू असताना जावक बंद पडणे हा योगायोग नसून ओळख-पडताळणीच्या बाबतीत दोन यंत्रणांमध्ये आरंभापासून असलेल्या विषमतेचा परिणाम आहे.
२) जावक यंत्रणेवरील बंधने रिले, पोर्ट, डोमेन व प्रवेशपद्धती अशा चार टप्प्यांनी आली. बिघाडाचे लक्षण कोणत्या टप्प्याशी जुळते हे पाहिल्यास निदान होते.
३) बिघाडाचे अकस्मातपण हे वापरकर्त्याच्या बाजूने भासणारे आहे. नियमांच्या बाजूने तो बदल पुष्कळदा कित्येक वर्षे आधी लिहून ठेवलेला असतो.
४) मुदतबद्ध पत्रव्यवहारात 'पाठवा' ही कळ दाबण्यावर समाधान मानू नये. पत्र आउटबॉक्समधून बाहेर पडले आणि नकाराचे उत्तर परत आले नाही, एवढी खात्री करून घ्यावी. कार्यालयांनी महत्त्वाच्या ई-मेलची नोंद कागदी पत्रांप्रमाणे जावक नोंदवहीत घ्यावी आणि प्राप्तकर्त्याची पोच आल्यावरच ती नोंद पूर्ण समजावी.